सरहद्दीवरची एक जुनी पांथशाळा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्वेनिया नावाचे एक राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ॲलेगेनी पर्वताच्या रांगा एकीमागून एक उभ्या आहेत. या रांगा ओलांडून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, युनियनटाउन या गावापासून सुमारे अकरा मैलांवर, एका उंचवट्यावर विटांची एक दुमजली इमारत दिसते. डोळे दिपावेत असे तिच्या बाह्यरूपात काही नाही. मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्यांची सारखी मांडणी, वर उतरते छप्पर आणि धुराडी. एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याचे घर म्हणून सहज खपून जावी अशी ही वास्तू आहे, आणि मध्यंतरीची पाऊणशे वर्षे ती तशी खपूनही गेली. परंतु १८३०च्या आसपास ती बांधली गेली ती कोणा एका कुटुंबाच्या वस्तीसाठी नव्हे, तर वाटसरूंसाठी. तिचे नाव माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न. एका राष्ट्राची सरहद्द पुढे कशी सरकते, तिच्या मागून रस्ता कसा येतो, रस्त्याच्या मागून पांथशाळा कशी येते आणि अखेर तोच रस्ता पांथशाळेकडे पाठ कशी फिरवतो, याचा सारा इतिहास या एका इमारतीभोवती गोळा झालेला आहे.

‘टॅव्हर्न’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आपल्याकडील धर्मशाळा पुण्यप्राप्तीसाठी बांधली जाते आणि तेथे उतरणाऱ्याकडून सहसा भाडे घेतले जात नाही. खानावळीत अन्न मिळते, पण झोपण्याची सोय असतेच असे नाही. गुत्त्यात मद्य मिळते, पण सभ्य गृहस्थ तेथे सहकुटुंब जात नाही. टॅव्हर्नमध्ये या तिन्ही गोष्टी एका छपराखाली आणि रोख मोबदल्यात मिळत. अन्न, पेय आणि बिछाना देणे हा तिचा मुख्य धंदा. परंतु वस्ती विरळ असलेल्या प्रदेशात तेवढ्यावर तिचे काम संपत नसे. टपालाची गाडी तेथे थांबे, वर्तमानपत्र तेथे वाचले जाई, जमिनींचे सौदे आणि राजकारणाचे वाद तेथेच रंगत. म्हणूनच टॅव्हर्न चालविणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. त्यासाठी जिल्ह्याच्या न्यायालयाकडून परवाना घ्यावा लागे.

दुसरा शब्द ‘सरहद्द’. हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दोन राज्यांमधली रेघ, तीवरील हद्दीचे दगड आणि पहाऱ्याची चौकी उभी राहते. अमेरिकेच्या इतिहासात सरहद्दीचा अर्थ निराळा आहे. युरोपातून आलेल्या लोकांची शेते आणि गावे जेथे संपत, त्या पलीकडचा पट्टा म्हणजे सरहद्द. ती एका जागी कधीच स्थिर राहिली नाही. दर पिढीगणिक ती पश्चिमेकडे सरकत गेली. पलीकडचा मुलूख मोकळा आहे, असे वसाहतवाले मानून चालत. वस्तुतः तो मोकळा नव्हता. डेलावेअर, शॉनी, सेनेका इत्यादी जमातींची ती राहण्याची आणि शिकारीची भूमी होती, आणि तिच्यातून जाणाऱ्या पायवाटाही त्यांनीच पाडलेल्या होत्या. १७५०च्या सुमारास ओहायो कंपनी या जमीन खरेदी-विक्री करणाऱ्या मंडळीने डोंगरापलीकडे जाण्यासाठी वाट आखून घेतली, तेव्हा ती आखून देण्याच्या कामी नेमाकोलिन नावाचा डेलावेअर जमातीचा माणूस होता. पुढे ज्या मार्गाने फौजा गेल्या, मालगाड्या गेल्या आणि शेवटी मोटारी गेल्या, त्याचा उगम या पायवाटेत आहे.

या वाटेवर दाट अरण्यात एके ठिकाणी गवताचे एक ओलसर, उघडे मैदान होते. त्याला ‘ग्रेट मेडोज’, म्हणजे मोठी कुरणे, असे नाव पडले. घोड्यांना चारा आणि पाणी मिळत असल्यामुळे मुक्कामाला ही जागा सोयीची होती. १७५४ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या फौजेची एक तुकडी येथे येऊन उतरली. तिचा नायक होता बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन. ओहायो नदीच्या खोऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच हे दोघेही हक्क सांगत होते, आणि त्या झगड्यातली पहिली ठिणगी या तरुणाच्या हातून पडली. २८ मे १७५४ रोजी वॉशिंग्टनची माणसे आणि तनाचारिसन या सेनेका पुढाऱ्याचे सोबती यांनी जवळच्या एका घळीत फ्रेंचांच्या छोट्या तुकडीवर अचानक हल्ला केला. त्यात ज्युमोंव्हील हा फ्रेंच अधिकारी मारला गेला.

सूड घेण्यासाठी फ्रेंच येणार, हे उघड होते. वॉशिंग्टनने कुरणाच्या मध्यभागी लाकडी सोटांचे एक लहानसे कुंपण घाईघाईने उभे केले आणि त्याला ‘फोर्ट नेसेसिटी’, म्हणजे गरजेचा किल्ला, असे समर्पक नाव दिले. तनाचारिसनला या बंदोबस्ताचा भरवसा वाटला नाही. तो आपली माणसे घेऊन आधीच निघून गेला. ३ जुलैला सुमारे सहाशे फ्रेंच आणि त्यांचे शंभरएक मूळ रहिवासी साथीदार चालून आले. त्यांचा सेनानी ज्युमोंव्हीलचा भाऊच होता. आत चारशे लोक होते. दिवसभर पाऊस कोसळत होता, खंदकांत पाणी साचले, दारू भिजली. मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टनने शरणागतीच्या कागदावर सही केली. तो कागद फ्रेंच भाषेत होता, आणि ज्युमोंव्हीलचा वध म्हणजे खून होता, अशी कबुली त्यात दडलेली होती. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. पुढे राष्ट्राचा पहिला अध्यक्ष झालेल्या या सेनानीने आयुष्यात शरणागती पत्करली ती एवढी एकदाच.

पुढल्याच वर्षी इंग्रज सेनापती ब्रॅडक मोठे सैन्य घेऊन याच वाटेने गेला. नेमाकोलिनची पायवाट रुंद करून त्याने गाड्या जातील असा रस्ता पाडला. परंतु मोनोंगहेला नदीजवळ त्याचा पराभव झाला आणि परतीच्या वाटेवर १३ जुलै १७५५ रोजी त्याने प्राण सोडला. शत्रूला कबरीचा सुगावा लागू नये म्हणून कुरणापासून थोड्या अंतरावर खुद्द रस्त्यातच त्याला पुरले, आणि वरून सैन्य व गाड्या नेऊन ती खूण पुसून टाकली. अरण्यातल्या या चकमकींतून जे युद्ध पेटले, त्याने पुढे युरोप व्यापला आणि त्याची झळ हिंदुस्थानालाही लागली. इंग्रज आणि फ्रेंच या दोघांचा दक्षिणेतला शेवटचा झगडा, १७६० सालची वांदिवाशची लढाई आणि फ्रेंचांची पीछेहाट, हा त्याच सप्तवार्षिक युद्धाचा भाग होता. ओहायोच्या काठचा फ्रेंचांचा ड्यूकेन किल्ला नोव्हेंबर १७५८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. त्याच वर्षी दुसऱ्या एका सरहद्दीवर मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत पोहोचले होते.

युद्ध संपल्यावर १७६३ साली इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढून डोंगराच्या पाणलोटापलीकडे वसाहती करण्यास मनाई केली. ती फार काळ टिकली नाही. १७६८ साली फोर्ट स्टॅनविक्स येथे झालेल्या तहात इरोक्वॉय संघाने हा प्रदेश इंग्रजांना तोडून दिला. ज्या डेलावेअर आणि शॉनी लोकांचा तेथे प्रत्यक्ष वावर होता, त्यांचा मात्र या देण्याघेण्याला होकार नव्हता. मनाई उठताच जमिनीचे व्यवहार सुरू झाले, आणि १७७० साली ज्याने ग्रेट मेडोजची जागा विकत घेतली तो स्वतः जॉर्ज वॉशिंग्टनच होता. आपल्या पराभवाची भूमी त्याने जन्मभर स्वतःकडे ठेवली. यात भावनेचा भाग किती होता हे कोण सांगणार. व्यवहाराचा भाग मात्र निश्चित होता. १७९९ साली त्याच्या मृत्युपत्राला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत या २३४ एकरांची नोंद आहे, आणि ब्रॅडकच्या रस्त्यावर मुक्कामाचे ठाणे म्हणून ही जागा फार चांगली आहे, असा शेराही तीत आहे. पांथशाळा बांधली जाण्यापूर्वी कित्येक वर्षे तिची जागा अशी हेरली गेली होती.

वॉशिंग्टनची नजर एका जमिनीच्या तुकड्यापुरती मर्यादित नव्हती. स्वातंत्र्ययुद्धानंतर १७८४ साली तो पुन्हा या बाजूला आला, तेव्हा एक मोठा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता. डोंगरापलीकडे जाऊन राहिलेल्या लोकांना पूर्वेकडील बाजारपेठा दूर, आणि नद्यांच्या प्रवाहाने जाता येण्याजोगी स्पेनच्या ताब्यातील मिसिसिपीची वाट सोपी. व्यापार ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेने माणसांची निष्ठाही हळूहळू वळते. रस्ते आणि कालवे यांनी पश्चिमेला पूर्वेशी बांधून टाकले नाही, तर नवे राष्ट्र डोंगराच्या कण्यावरच दुभंगेल, अशी भीती त्याला वाटत होती.

ही भीती निराधार नव्हती, याचे प्रत्यंतर दहा वर्षांतच आले. डोंगरापलीकडचा शेतकरी राय नावाचे धान्य पिकवी. ते पूर्वेच्या बाजारात नेण्यासाठी घोड्याच्या पाठीवर लादण्यावाचून इलाज नव्हता. एक घोडा चार बुशेल धान्य वाहू शके. मात्र धान्याची व्हिस्की गाळली, तर चोवीस बुशेलांचे सार त्याच घोड्यावरून जाई. त्यामुळे घरोघर भट्ट्या होत्या, आणि नाणे दुर्मीळ असल्याने व्हिस्कीचाच नाण्यासारखा उपयोग होई. १७९१ साली मध्यवर्ती सरकारने मद्यावर अबकारी कर बसविला. पूर्वेकडील लोकांना तो चैनीच्या वस्तूवरचा कर वाटला. पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या पिकावरचा आणि त्याच्या नाण्यावरचा कर होता. १७९४ साली याच टापूत बंडाळी माजली आणि ती मोडण्यासाठी अध्यक्ष वॉशिंग्टनला सुमारे तेरा हजारांचे सैन्य गोळा करावे लागले. बंड मोडले. परंतु शेतकऱ्याला भट्टी लावावी लागत होती ती रस्ता नाही म्हणून, हे मूळ कारण सैन्याने नाहीसे होण्यासारखे नव्हते.

ते नाहीसे करण्याचा प्रयत्न पुढच्या पिढीने केला. १८०३ साली ओहायो हे नवे राज्य संघात आले, तेव्हा तेथील सरकारी जमिनींच्या विक्रीचा एक ठराविक हिस्सा रस्त्यांसाठी राखून ठेवण्यात आला होता. १८०६ साली अध्यक्ष जेफरसनने राष्ट्रीय रस्त्याच्या कायद्यावर सही केली. या रस्त्याचा मोठा पुरस्कर्ता होता अर्थमंत्री ॲल्बर्ट गॅलाटिन. त्याचे घर याच जिल्ह्यात होते, आणि बंडाच्या दिवसांत शेतकऱ्यांची बाजू मांडतानाच त्यांना शस्त्रापासून परावृत्त करण्याचा प्रयत्नही त्याने केलेला होता. १८११ साली मेरिलँडमधील कंबरलंड येथून काम सुरू झाले, आणि १८१८ मध्ये सुमारे एकशे तीस मैलांवरील ओहायो नदीच्या काठी, व्हीलिंग गावी रस्ता पोहोचला. मध्यवर्ती सरकारच्या खर्चाने बांधलेला अमेरिकेतला हा पहिला मोठा हमरस्ता. झाडे तोडून सहासष्ट फूट रुंद पट्टा मोकळा करायचा आणि त्याच्या मधोमध वीस फुटांची दगडी फरसबंदी घालायची, असे त्याचे मान होते. ब्रॅडकच्या वाटेला पुष्कळ ठिकाणी धरूनच तो गेला. ब्रॅडकच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी १८०४ साली जुन्या रस्त्याची दुरुस्ती करणाऱ्या कामगारांनाच सापडल्या होत्या.

असा रस्ता झाला की त्याच्या कडेची जमीन बोलू लागते. आपल्याकडे १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि कोकणातून देशावर जाणारा बैलावरचा माल गाडीत भरला जाऊ लागला. ॲलेगेनीच्या घाटातही तेच घडले, फक्त प्रमाण अधिक मोठे. याच सुमारास युनियनटाउनचे न्यायाधीश नॅथॅनिएल ईविंग यांनी ग्रेट मेडोजच्या बाजूच्या उंचवट्यावर ही पांथशाळा बांधली आणि जागेच्या पूर्वीच्या मालकाचे नाव तिला मिळाले. १८४० साली जेम्स सँपी याने ती विकत घेतली. १८४४ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावरही त्याच्या कुटुंबाने धंदा पुढे चालविला.

राष्ट्रीय रस्त्याच्या भरभराटीच्या काळात सरासरीने दर मैलाला एक पांथशाळा होती, असा अंदाज आहे. परंतु त्या सगळ्या सारख्या नव्हत्या. त्यांच्यात दोन वर्ण होते, असे म्हटले तरी चालेल. एक वर्ण मालवाहू गाडीवानांच्या अड्ड्यांचा. कॉनेस्टोगा नावाच्या प्रचंड गाड्यांना सहा सहा घोडे जुंपलेले असत आणि त्या दिवसाकाठी पंधराएक मैल चालत. रात्र पडली की गाडीवान अंगणात गाडी सोडी, घोड्यांना चारा घाली आणि आपली वळकटी बाररूमच्या जमिनीवर पसरून, आगोटीकडे पाय करून झोपी जाई. जेवण आणि मद्य एवढाच त्याचा खर्च. गुरे, मेंढरे आणि डुकरे यांचे कळप पूर्वेच्या बाजारात हाकीत नेणारे लोकही अशाच ठिकाणी उतरत, कारण जनावरांना रात्रभर कोंडायला तेथे आवार असे.

दुसरा वर्ण प्रवासी घोडागाड्यांच्या थांब्यांचा, आणि माउंट वॉशिंग्टनची पांथशाळा या वर्णातली होती. ‘गुड इंटेंट’ नावाच्या गाड्यांच्या मंडळीचा ती थांबा होती. ही मंडळी आणि तिची प्रतिस्पर्धी ‘नॅशनल रोड’ मंडळी यांच्यात चुरस चाले, आणि प्रत्येकीच्या गाड्या ठरलेल्या पांथशाळांपुढेच उभ्या राहत. सुमारे दर बारा मैलांच्या टप्प्याला घोडे बदलले जात, त्यामुळे गाडी दिवसाला साठ-सत्तर मैलांची मजल मारी. या मार्गावरून प्रतिनिधिगृहाचे सभासद जात, व्यापारी जात, नव्या मुलखात नशीब काढायला निघालेली कुटुंबे जात. टेनेसीचा अँड्र्यू जॅक्सन आणि केंटकीचा हेन्री क्ले हे दोन मोठे राजकीय प्रतिस्पर्धी राजधानीला जाताना हाच रस्ता वापरीत.

इमारतीच्या रचनेवरून तेथील शिष्टाचाराची कल्पना येते. मधल्या दालनाच्या एका बाजूला पुरुषांची बाररूम. तेथे मद्य, तंबाखू, पत्ते आणि राजकारण. दुसऱ्या बाजूला बैठकीची खोली. तेथे बायका आणि मुले धुराच्या व गोंगाटाच्या पलीकडे निवांत बसत. जेवण सर्वांना एकाच मेजावर, एकाच वेळी. आलेल्याने मिळेल त्या खुर्चीवर बसायचे आणि पुढ्यात येईल ते खायचे. निजण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर. एकाच बिछान्यात अनोळखी माणसाशेजारी झोपावे लागणे ही त्या काळात तक्रारीची बाब नव्हती. पुढाऱ्याला व्यापाऱ्याच्या आणि व्यापाऱ्याला परमुलखातल्या शेतकऱ्याच्या शेजारी बसविण्याचे जे काम कोणत्याही कायद्याने झाले नसते, ते या जेवणाच्या मेजाने सहज केले. डोंगराच्या दोन बाजूंची माणसे एकमेकांना ओळखू लागली, एकमेकांच्या बातम्या ऐकू लागली. वॉशिंग्टनला हवा असलेला बंध तो हाच.

पण या चित्राला दुसरी बाजू आहे. पाहुण्यांच्या या समतेला कडक मर्यादा होत्या. पेनसिल्वेनियाने १७८० सालीच गुलामगिरी क्रमाक्रमाने नाहीशी करणारा कायदा केला होता. तरी व्हर्जिनिया आणि मेरिलँड येथून दक्षिणेत विकण्यासाठी नेले जाणारे गुलामांचे जथे या रस्त्याच्या टोकाशी, व्हीलिंगमध्ये दिसत. बेंजामिन लंडी नावाचा तरुण त्या गावी खोगिरे करण्याचे काम शिकत होता. साखळीने जखडलेल्या त्या माणसांना पाहून त्याचे मन इतके विटले, की पुढचे सारे आयुष्य त्याने गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला वाहिले. एकाच रस्त्याने कोणी नशीब काढायला जात होता आणि कोणी विकला जायला.

रस्त्याच्या दुखण्याची कहाणीही मनोरंजक आहे. बांधकामासाठी पैसा मंजूर झाला, पण देखभालीसाठी तो कोठून आणायचा, हा प्रश्न राहिलाच. लोखंडी धावांच्या अवजड गाड्या आणि गुरांचे कळप यांनी फरसबंदी उखडली. रस्त्यावर पथकर बसविण्याचे विधेयक १८२२ साली प्रतिनिधिगृहाने संमत केले, पण मध्यवर्ती सरकारला राज्यघटनेने तसा अधिकार दिलेला नाही, या कारणास्तव अध्यक्ष मन्रोने ते नाकारले. रस्ता बांधण्याचा अधिकार आहे, परंतु तो राखण्यासाठी कर घेण्याचा नाही, असा हा पेच होता. शेवटी दुरुस्ती करून देऊन रस्ता त्या त्या राज्याच्या हवाली करावा, असा तोडगा निघाला. १८३५ साली पेनसिल्वेनियाने आपला भाग ताब्यात घेतला आणि नाकी उभारून पथकर वसूल करण्यास प्रारंभ केला.

तोवर खऱ्या प्रतिस्पर्ध्याने आपले काम सुरू केले होते. ४ जुलै १८२८ रोजी, म्हणजे ही पांथशाळा बांधण्याच्या सुमारासच, बाल्टिमोर शहरात ओहायोकडे जाणाऱ्या लोहमार्गाची कोनशिला बसविण्यात आली. १८४२ साली गाडी कंबरलंडला पोहोचली. पुढची दहा वर्षे हा पांथशाळांचा सुवर्णकाळ ठरला, कारण कंबरलंडपर्यंत आगगाडीने आलेला प्रत्येक उतारू पुढे डोंगर ओलांडण्यासाठी घोडागाडीतच बसे. दिवा विझण्यापूर्वी मोठा होतो, त्यातलाच हा प्रकार. १८५२च्या डिसेंबरात लोहमार्ग व्हीलिंगला जाऊन भिडला आणि १८५३च्या जानेवारीत तो वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. बोरघाटात तिला चढायला आणखी दहा वर्षे लागली. घाटातल्या गाडीवानांच्या नशिबी जे १८६३ मध्ये यायचे होते, ते ॲलेगेनीच्या गाडीवानांच्या वाट्याला आधीच आले होते.

पांथशाळेची अवकळा आगीने झाली नाही, लुटीने झाली नाही. एके दिवशी गाड्या यायच्या थांबल्या, एवढेच झाले. इमारत तीच, आगोटी तीच, मालक कुशल. पण उतारू नाही. १८५५ साली सँपी कुटुंबाने ती विकली आणि नव्या मालकाने तिचे शेतघर केले. पांथशाळा ही भिंतींची बनलेली नसते, रस्त्याची बनलेली असते, हे यावरून दिसून येते. माणसांना पुढे पाठविणे हेच तिचे काम, आणि ते काम तिने चोख बजावले की सरहद्द पुढे निघून जाते व ती स्वतः मागे राहते.

सरहद्दीबरोबर आणखी कोणाला पुढे जावे लागले, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. ज्या १८१८ साली राष्ट्रीय रस्ता ओहायो नदीला पोहोचला, त्याच साली नेमाकोलिनच्या डेलावेअर लोकांनी तहाने इंडियाना प्रांतातील आपली भूमी सोडून दिली. पेनसिल्वेनियातून ते ओहायोत आणि ओहायोतून इंडियानात आलेलेच होते. तेथून मिसूरी, मग कॅन्सस आणि १८६७च्या करारानंतर ओक्लाहोमा. रस्ता पश्चिमेला जात इंडियाना ओलांडून इलिनॉयमधील व्हँडेलियापर्यंत गेला, आणि प्रत्येक ठिकाणी तो पोहोचण्याच्या आधी या लोकांनी जागा खाली केलेली होती. पश्चिमेकडे निघालेल्या इतर प्रवाशांना वाटेत मैलागणिक मुक्काम मिळत होता. वाट दाखविणाऱ्या माणसाच्या वंशजांचा प्रवास मात्र शंभर वर्षे चालू राहिला, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही ठिकाणी पांथशाळा बांधलेली नव्हती.

विसाव्या शतकात मोटारी आल्या आणि ओस पडलेला रस्ता पुन्हा जागा झाला. १९२६ साली त्याला राष्ट्रीय हमरस्ता क्रमांक ४० असे नाव मिळाले. १९३१ साली फोर्ट नेसेसिटीची रणभूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली आणि १९३२ साली, वॉशिंग्टनच्या द्विशताब्दीच्या वर्षी, पेनसिल्वेनिया सरकारने जुनी पांथशाळा विकत घेतली. १९६१ साली ती मध्यवर्ती राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेली. आता तेथे संग्रहालय आहे. बाररूम, बैठकीची खोली, जेवणाचे मेज आणि वरचे बिछाने घोडागाड्यांच्या काळातल्यासारखे मांडून ठेवलेले आहेत.

खाली कुरणात किल्लाही पुन्हा उभारलेला आहे, आणि त्याची कथा इतिहासाच्या अभ्यासकाला सावध करणारी आहे. १९३२ साली स्मारकासाठी जो किल्ला बांधला, तो कोनाकृती होता. जुने उल्लेख आणि जमिनीवरचे उंचवटे यांवरून विद्वानांनी तसा निष्कर्ष काढला होता. पुढे १९५२-५३ मध्ये हॅरिंग्टन या पुरातत्त्वज्ञाने तेथे उत्खनन केले. त्याला जमिनीत लाकडी सोटांचे कुजलेले बुंधे आणि मातीचा बदललेला रंग आढळला. त्या खुणा जोडत जाता जे निघाले, ते एक लहानसे वर्तुळ होते. चुकीचा किल्ला पाडला गेला, आणि १९५४ साली, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होताना, खऱ्या जागी खऱ्या आकाराचा किल्ला उभा राहिला. ज्यांनी तो प्रथम रोवला त्यांच्या आठवणींपेक्षा जमिनीने तो अधिक नेमकेपणाने जपला होता.

आज त्या स्थळी गेलेल्या प्रवाशाला एका नजरेच्या टप्प्यात तीन गोष्टी दिसतात. कुरणातला सोटांचा किल्ला, उंचवट्यावरची विटांची पांथशाळा आणि दोहोंच्या बाजूने धावणारा हमरस्ता. किल्ला एक दिवस लढला आणि पडला. पांथशाळा पंचवीसएक वर्षे चालली आणि बंद झाली. रस्ता तेवढा अजून चालू आहे. त्याच्याखाली गॅलाटिनच्या काळातली फरसबंदी, तिच्याही खाली ब्रॅडकच्या गाड्यांची चाकोरी, आणि सर्वांत तळाशी, कोणत्याही नकाशावर नसलेली, नेमाकोलिनच्या पूर्वजांची पायवाट आहे.